इंधनापेक्षा थंड भिंत

दौलतराव खिल्लारे एसटीत कंडक्टर होते. मंगरूळपीर आगारात तीस वर्षं तिकिटं फाडली, निवृत्त झाले आणि आसेगावात घरी बसले. त्यांची मुलगी धम्मदीपा अमरावतीला राहून भौतिकशास्त्रात एम.एस्सी. झाली होती. गावात कोणी विचारलं, "पोरगी काय करून राह्यली वो सध्या?" की दौलतराव सावकाश, एकेक अक्षर मोकळं करत म्हणत, "रॉकेट बनोते." ऐकणारा हसायचा. मंगरूळपीरला खताच्या दुकानावरच्या माडीत बसून रॉकेट बनतं, यावर कोण विश्वास ठेवील? पण दौलतराव फार खोटं बोलत नव्हते.

त्या माडीवर विनोदचं सेंटर होतं. विनोद धनजचा, शेतकऱ्याच्या घरातला. पुण्यात आठ वर्षं नोकरी करून तो परतला आणि त्याने अठरा कॉम्प्युटर मांडले. मशीनला शिकवायचं तर माणसाने आधी ओळखून, खुणा करून दिलेली चित्रं लागतात. सुरुवातीला रस्त्यावरच्या गाड्या आणि माणसांभोवती चौकोन काढायचं काम आलं. मग बाहेरच्या राज्यातल्या एका खासगी रॉकेट कंपनीचं काम मिळालं, आणि त्याला शास्त्र शिकलेली माणसं हवी होती. आसपासच्या गावांत बी.एस्सी., एम.एस्सी. होऊन घरी बसलेल्या मुली आणि सुना कमी नव्हत्या. धम्मदीपा धरून सतरा जणी जमल्या. त्यांत इंझोरीची साधनाही होती. कॉलेजात धम्मदीपाच्या एक वर्ष मागे होती ती. सासरचे तिला दुसऱ्या कशालाच एकटीला बाहेर सोडत नसत, पण या कामाला सोडलं, कारण सगळ्या बायाच होत्या.

पहिल्या दिवशी कंपनीचा इंजिनिअर ऋषिकेश पडद्यावर आला. तिशीतला, मराठी बोलणारा, समजावून सांगण्यात हुशार. तो म्हणाला, रॉकेटच्या इंजिनात तीन हजार अंशांची आग असते. एवढ्या आगीत इंजिनाची तांब्याची भिंत वितळून जायला हवी. ती वितळत नाही, कारण भिंतीच्या आत केसासारखे बारीक मार्ग कोरलेले असतात आणि त्यांतून थंड इंधन धावत असतं. ते भिंतीची उष्णता घेऊन पुढे जातं आणि मग जळतं. आता हे मार्ग किती रुंद, किती खोल, कुठे वळवायचे? एकेक आकार कॉम्प्युटरवर तपासायला दीड दिवस लागतो, आणि आकार तर लाखो. म्हणून आधी काही हजार आकारांची उत्तरं काढायची, ती मशीनला शिकवायची, मग ते मशीन नव्या आकाराचं उत्तर क्षणात सांगतं. त्यातले जे आकार मशीनला सर्वांत चांगले वाटतील, ते पुन्हा दीड-दीड दिवस लावून तपासायचे, तीही उत्तरं मशीनला शिकवायची. असं करत करत दहा वर्षांचं काम वर्षात होतं.

"पण कॉम्प्युटरचं गणित कधीकधी बिघडतं," ऋषिकेश म्हणाला, "आणि बिघडलं तरी तो उत्तर देतोच. ते खोटं उत्तर मशीनच्या पोटात गेलं, की मशीन खोटंच शिकेल. ते तुम्ही थांबवायचं."

तपासलेला एक आकार म्हणजे एक 'केस'; प्रत्येक केसची चार चित्रं आणि एक आलेख पडद्यावर येई. खाली तीन बटणं होती: बरोबर, बिघडलेलं, सांगता येत नाही. मॅन्युअलमध्ये लिहिलं होतं की आलेखाची रेष शेवटी सपाट झालेली असावी आणि रंग एकातून दुसऱ्यात हळुवार मिसळलेले असावेत. एकच केस तीन जणींपुढे जाई. दोघी जे म्हणतील ते खरं. तिसरीचा स्कोअर उतरे.

धम्मदीपाला ते काम आवडायचं. सकाळच्या बसने येऊन ती सगळ्यांआधी माडी उघडायची. शिकलेलं सगळं वाया गेलं असं धरून चाललेल्या माणसाला एकदम ते कामी यायला लागलं, तर जे होतं ते तिचं झालं होतं. दुपारच्या डब्यावर बाकीच्या मुलाबाळांचं बोलत, आणि ही साधनाला धरून भिंत, उष्णता, इंधनाचा वेग असं काहीबाही सांगत बसे. स्कोअर शहाण्णवच्या खाली कधी गेला नाही.

पाचव्या महिन्यात तिला ते पहिल्यांदा दिसलं. मार्गाला एका ठिकाणी एकदम तीव्र वळण दिलेलं होतं. रेष सपाट होती, रंग सुरेख होते. ती 'बरोबर'वर बोट दाबणार, तेवढ्यात तिची नजर चित्राच्या बाजूच्या रंगपट्टीवर गेली. कोणता रंग म्हणजे किती अंश, ते तिथे बारीक आकड्यांत लिहिलेलं असे, आणि दर चित्रागणिक ते आकडे बदलत. त्यामुळे कोणी ते वाचतच नसे. तिने वाचले. इंधन सत्तावीस अंशांचं आत शिरत होतं, आणि वळणापाशी निळी दिसणारी भिंत अकरा अंशांवर होती.

"साधना, इकडं ये व जरा. पाय बरं हे."

साधनाने वाकून पाहिलं. "चांगलं तं हाये. काय झालं?"

"एका अंगाले तीन हजार अंशांची आग हाये, दुसऱ्या अंगानं सत्तावीस अंशांचं इंधन. मंग मधातली भिंत अकरा अंश कशी होईन? थंडी आली कुठून?"

साधनाने रंगपट्टीवर बोट ठेवून आकडे वाचले. मग हळूच म्हणाली, "नाही होनार."

"मंग? हे गणितच बिघडेल हाये."

"पन मॅन्युअलमध्ये तं रंग आन् रेषच पाहा मनते." साधना सरळ झाली. "ही केस सकाळी माह्याकडं बी आलती. मी बरोबर केली."

धम्मदीपाने 'बिघडलेलं' दाबलं. खाली शेरा लिहायला जागा होती, तिथे इंग्रजीत एक ओळ लिहिली: भिंतीचं तापमान आत येणाऱ्या इंधनापेक्षा कमी दाखवत आहे, हे शक्य नाही. आणि केसचा क्रमांक वहीत टिपून ठेवला.

त्या आठवड्यात तशा चार केस आल्या. पुढच्या आठवड्यात एकोणीस. महिन्याभरात रोज दहा-बारा. का वाढत होत्या, ते तिच्या लक्षात यायला वेळ लागला नाही. वळणाच्या आकारांचं खोटं थंड उत्तर 'बरोबर' म्हणून मशीनच्या पोटात गेलं होतं. मशीन सर्वांत थंड भिंत शोधत होतं. त्याला ते आकार आवडायला लागले होते, म्हणून ते पुन्हा पुन्हा तसेच आकार पुढे करत होतं, आणि दर फेरीला माडीवरच्या मुली त्यावर 'बरोबर'चा शिक्का मारत होत्या. सोळा जणी एकीकडे आणि ती एकटी एकीकडे. तिचा स्कोअर एक्क्याण्णव झाला, मग सत्त्याऐंशी, मग त्र्याऐंशी.

ती वही घेऊन विनोदच्या टेबलाशी गेली. त्याने वही बंदच ठेवली.

"हे मॅन्युअलमध्ये हाये का, मॅडम?"

"नाही सर. पन दहावीचं विज्ञान हाये हे."

"आपल्याले मॅन्युअल देल्लं हाये ना? मंग त्याच्या बाहेर आपून कायले जाचं?" विनोद चिडला नव्हता, उलट समजुतीच्या सुरात बोलत होता. "कंपनीचे असे चार सेंटर हायेत. कोनत्या सेंटरमध्ये किती एकमत, हे ते दर सोमवारी पाह्यते. आपलं एकमत उतरून राह्यलं, आन् ते तुमच्यापाई. उद्या काम दुसरीकडं गेलं तर ह्या पोरींनी काय करा?"

"मी शेरे लिहिले सर. ऋषिकेश सरांनी ते पाह्यले असतीन ना?"

विनोद खिडकीकडे पाहत म्हणाला, "पाह्यतीन ते. तुमी आपलं काम करा."

तिला त्या वेळी ठाऊक नव्हतं की शेरा लिहिलेली केस कंपनीच्या रांगेत अडकून पडते आणि तिचे पैसे थांबतात, म्हणून विनोदने शेरे पुढे जाणारच नाहीत अशी सोय सिस्टिममध्ये करून ठेवली होती.

दुसऱ्या दिवशी ती आली आणि बाकीच्यांसारखं करायला लागली. रेष सपाट, रंग सुरेख, बरोबर. अकरा अंश, बरोबर. नऊ अंश, बरोबर. तिसऱ्या प्रहरी नीता नावाची पलीकडची मुलगी कौतुकाने म्हणाली, "आज तं तुयं लवकर आवरलं, दीपा." असे दोन दिवस गेले. तेवीस केस. स्कोअर वर सरकला. विनोदने चहा पाठवला. बसमध्ये घरी जाताना तिला आपल्या बोटाची किळस आली. घरी गंगूबाईंनी, तिच्या आईने, ताट वाढलं, ते तिने तसंच बाजूला सारलं. दौलतरावांनी विचारलं, "काय झालं, बेटा? रॉकेट पडलं काय?" ती त्यांच्यावर ओरडली. आयुष्यात पहिल्यांदा.

तिसऱ्या दिवशी ती पुन्हा 'बिघडलेलं' दाबू लागली, आणि आणखी तीन आठवड्यांनी विनोदने तिला बोलावून घेतलं. सलग तीन आठवडे नव्वदच्या खाली राहिलेल्याला सिस्टिम आपोआप बाहेर काढते, असं तो म्हणाला. त्याच्या हातात काही नाही. तिच्या वहीत तोवर तीनशे बारा क्रमांक झाले होते. ती खाली उतरत असताना साधना जिन्यापर्यंत आली, तिचा हात घट्ट धरला आणि आत गेली.

दौलतरावांना तिने सांगितलं, काम संपलं. काही दिवस ते घराबाहेर पडले नाहीत. मग पुन्हा चौकात बसायला लागले, पण रॉकेटचं नाव काढेनासे झाले. धम्मदीपाला मंगरूळपीरला एका शिकवणीवर्गात अकरावी-बारावीचं फिजिक्स शिकवायचं काम मिळालं.

आठ महिने गेले. एका रविवारी आसेगावात दारासमोर मोटरसायकल थांबली. विनोद होता. दौलतरावांनी खुर्ची दिली. तो बसला, पण टेकला नाही.

कंपनीने इंजिन बनवलं होतं. मशीनने निवडलेला, तीव्र वळणाचा आकार. चाचणीसाठी आग पेटवली आणि चौथ्या सेकंदाला, बरोबर वळणापाशी, भिंत वितळून भोक पडलं. चाचणी दूर मोकळ्या जागेत होती, कोणाला इजा झाली नाही. पण इंजिन गेलं, आणि वर्षाची मेहनत गेली. आता कंपनी विचारत होती की ही खोटी उत्तरं बरोबर म्हणून कोणी पास केली.

"त्यायचं मननं हाये का मंगरूळपीरच्या पोरी डोये झाकून बटनं दाबत होत्या," विनोद म्हणाला. "तुमी येऊन सांगा मॅडम, का आपल्या सेंटरनं हे पकडलं होतं. तुमची ती वही घेऊन या. आपलं सेंटर वाचन."

"आपलं?" धम्मदीपा म्हणाली.

दौलतराव मध्ये पडले. "जाय बेटा. त्या पोरीयचं काय चुकलं त्यात?"

ती गेली. माडीवर सगळ्या जणी भिंतीला लागून उभ्या होत्या. पडद्यावर ऋषिकेश होता, पहिल्यापेक्षा वाळलेला, डोळ्यांखाली काळं. तिने रंगपट्टीचं सांगायला सुरुवात केली, आणि दोन वाक्यांत त्याला कळलं. त्याने चष्मा काढला, डोळे चोळले.

"हे तुम्ही तेव्हाच का नाही सांगितलं?"

"तीनशे बारा वेळा लिहिलं सर. क्रमांक आहेत माझ्याकडे."

"आमच्याकडे एकही शेरा आलेला नाही."

सगळ्यांच्या माना विनोदकडे वळल्या. विनोदने कबूल केलं. सरळ, शरमून, एका दमात. ऋषिकेशने ते लिहून घेतलं. मग तो आपल्या दुसऱ्या पडद्यावर काहीतरी शोधत राहिला आणि म्हणाला, "पण मॅडम, चौदा आणि पंधरा तारखेला अशाच तेवीस केस तुम्ही स्वतः बरोबर केल्यात."

"हो."

"का?"

तिने भिंतीपाशी उभ्या असलेल्या बायकांकडे पाहिलं. "एकटी पडले होते म्हणून."

"मग मी तुमचं कोणतं उत्तर खरं धरायचं?" तो टोचून बोलत नव्हता, त्याला खरोखरच प्रश्न पडला होता. ते तिला जास्त लागलं.

दहा दिवसांनी कंपनीचं पत्र आलं. खोटी केस ओळखायला आता माणसांची गरज उरलेली नव्हती. ऋषिकेशने प्रोग्रॅममध्ये एक ओळ टाकली होती: भिंत आत येणाऱ्या इंधनापेक्षा थंड असेल, तर ती केस रद्द. तशाच आणखी काही ओळी त्याला सुचल्या होत्या. चारही सेंटरांचं काम थांबवलं. मंगरूळपीरच्या सेंटरविषयी एक वाक्य वेगळं होतं की तिथे चूक माहीत असून दडवण्यात आली. मग गाड्या-माणसांभोवती चौकोन काढायचं कामही विनोदला कोणी देईना. महिन्याभरात माडी रिकामी झाली आणि तिथे खताची पोती आली.

कंपनीच्या दुसऱ्या इंजिनाची चाचणी पुढच्या वर्षी झाली. तिचा व्हिडिओ धम्मदीपाने शिकवणीवर्गात, मुलं यायच्या आधी, मोबाइलवर पाहिला. एकशे वीस सेकंद निळसर, सरळ, न थरथरणारी ज्योत. तिचा ऊर भरून आला, हे तिला नाकारता आलं नाही. ती शेवटच्या सेकंदापर्यंत मोजत राहिली. मग नावं आली. मशीन बनवणाऱ्यांची, इंजिन बनवणाऱ्यांची, चहा-नाश्ता बघणाऱ्यांचीसुद्धा. तिने ती दोनदा वाचली, आणि मग नागपूरच्या एका संस्थेत असंच काम निघालं होतं, तिथे अर्ज केला. तिथल्या लोकांनी जुन्या कामाची नोंद मागवली. ती नोंद सिस्टिममधून आपोआप गेली: त्र्याऐंशी टक्के, निकृष्ट दर्जामुळे काढलं. अर्ज परत आला.

तिने ऋषिकेशला पत्र लिहिलं. तुम्हाला ठाऊक आहे की मी बरोबर होते, तेवढा आकडा दुरुस्त करून द्या. त्याने दुसऱ्याच दिवशी उत्तर दिलं, आणि चांगलं दिलं. तिचे आभार मानले. तिच्यासारखी नजर फार थोड्यांकडे असते, असंही लिहिलं. पण स्कोअर सेंटरच्या खात्यातून निघतो, सेंटर बंद झालं की खातं बंद होतं, आणि बंद खात्यातलं काही बदलता येत नाही. त्याला फार वाईट वाटतं.

ते पत्र तिने दौलतरावांना वाचून दाखवलं. त्यांनी दोनदा वाचायला लावलं.

"मंजे तुयं बरोबर होतं, हे त्याले मान्य हाये?"

"हो बाबा."

"आन् कागदावर चूकच राहीन?"

"हो."

दौलतराव उठून अंगणात गेले आणि उगाचच नळाखालची बादली सरळ करत राहिले.

साधना तिला भेटली ती दिवाळीच्या आधी, मंगरूळपीरच्या बस स्टँडवर. सासूच्या औषधाला आली होती, सोबत सासरे होते. सासरे चौकशीच्या खिडकीशी गेले, तेवढाच वेळ मिळाला. धम्मदीपाने विचारलं, "काय करतं सध्या?"

"काय करीन? वावरात जातो." साधनाचे हात कापूस वेचून वेचून ओरखडले होते. "आता बाहेर कुठी सोडत नाईत. सेंटर होतं तवा बरं होतं. सकाळी बस, तिकडं खुर्ची, आपला कॉम्प्युटर. बारा तासांत कोनी हाक मारत नव्हतं."

"साधना, मी त्यायले सांगाले नाई पाह्यजे होतं काय?"

"तुयं खरं होतं व. मले तवाच माईत होतं. मी बरोबर दाबत होती ना, तवा बी माईत होतं." ती ओढणी सारखी करत म्हणाली. "सोळा जनींले माईत असन, का कोन जाने. पन तुह्या एका ओळीनं सोळा घरी बसल्या. ते बी खरंच हाये ना?"

"मंग इंजिन जळू द्यायचं होतं?"

"मले इंजिनाचं काय माईत?" साधना एकदम कडक आवाजात म्हणाली. "मी पाह्यलं काय ते कधी?"

सासरे परत आले. इंझोरीकडची गाडी लागली होती, लोक दाराशी गर्दी करत होते. धम्मदीपाने पिशवी वर द्यायला हात पुढे केला, पण साधनाने ती आधीच खांद्याला अडकवली होती. ती चढली, खिडकीपाशी जागा रिकामी होती ती सासऱ्यांना दिली, आणि स्वतः आतल्या बाजूला बसली.